खोट्या शिफारसपत्राची कैफियत



मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. पाळी सुटल्यावर अंगात जेवढा जीव उरतो तेवढ्यात कविता लिहितो. मॅट्रिकपर्यंत शिकलोय, म्हणून आमच्या चाळीतले सगळे अर्ज माझ्याकडं येतात. रेशनचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा अर्ज, नळ तुटल्याची तक्रार, पोराच्या फीमाफीची विनंती. शेकड्यानं लिहिले असतील. त्यात एकही खोटा नव्हता. गेल्या वर्षी एक लिहिला. अर्ज नव्हे, शिफारसपत्र. आठ ओळींचं. सात ओळी खऱ्या होत्या. आठवी अशी होती: "सदर महिला आपल्या खोलीत एकटीच राहते."

त्या आठव्या ओळीचा हिशेब आज तुमच्यापुढं मांडतोय. कोर्टापुढं मांडता येत नाही, कारण मांडला तर एका पोराला मिळू शकणारं घर जाईल. म्हणून चाळ कुठली ते सांगत नाही, नावं सांगत नाही, वयंसुद्धा थोडी इकडंतिकडं केलीत. बाकी सगळं जसंच्या तसं.

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत दोघी राहतात. मोठीला मी अक्का म्हणतो, धाकटीला ताई. अक्का सफाई खात्यात आहे, बापाच्या जागी वारसा हक्कानं लागलेली. पहाटे पाचला झाडू घेऊन रस्त्यावर. ताई एका खाजगी इस्पितळात आयाचं काम करते, कंत्राटावर, म्हणजे आज आहे उद्या नाही. दोघी अकरा वर्षं एका खोलीत, एका चुलीवर, एका अंथरुणावर आहेत. चाळ त्यांना 'बहिणी' म्हणते. चाळीला सगळं ठाऊक आहे. चाळ आंधळी नसते, ती फक्त काही शब्द तोंडातून काढत नाही.

२०२० साली लॉकडाऊन लागला तेव्हा भलेभले दारं लावून बसले होते. अक्का रस्ता झाडत होती, ताई वॉर्डात लोकांची घाण काढत होती. आणि संध्याकाळी त्यांच्या खोलीत चाळीतली पाच-सहा पोरं जेवायला असायची. कुणाचा बाप गावाकडं अडकलेला, कुणाची आई इस्पितळात. पुढं सगळं उघडलं, पोरं आपापल्या घरी गेली, आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली, असं ताई म्हणायची. दहा बाय बाराची खोली! मोठी कसली वाटतेय? पण वाटायची.

मग एका रात्री अक्का दारात आली. म्हणाली, "बाळा, एक फॉर्म भरायचाय."

म्हणलं, "रेशनचा?"

म्हणाली, "नाही रे. पोराचा."

दत्तकाचा फॉर्म हल्ली मोबाइलवर भरतात. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण नावाची सरकारी यंत्रणा आहे, लोक तिला 'कारा' म्हणतात. देशातलं अनाथ, टाकून दिलेलं, आईबापांनी स्वाधीन केलेलं मूल कायद्यानं दत्तक द्यायचं तर ते तिच्यामार्फत. मी, अक्का आणि ताई, तिघं मोबाइल मध्ये धरून बसलो. आणि पहिल्याच फटक्याला अडलो. विवाहित की अविवाहित?

ताई हसली. म्हणाली, "अकरा वर्षं झाली, लिही विवाहित."

मी म्हणलं, "ताई, नवऱ्याच्या रकान्यात काय लिहू?"

मग कोणीच हसलं नाही.

मी कायदा वाचायला बसलो. गोदीतला माणूस कायदा वाचतो म्हणल्यावर पांढरपेशांना हसू येतं. येऊ द्या. हूक लावायच्या आधी पेटीचं वजन बघावं लागतं, नाहीतर पेटी अंगावर येते. तसंच आहे हे.

बाल न्याय कायदा, २०१५ चा. त्याचं कलम ५७ सांगतं की दत्तक घेणारा माणूस शरीरानं धड असावा, पैशानं सक्षम असावा, मनानं जागा असावा आणि त्याला मूल वाढवायची खरी ओढ असावी. जोडपं असेल तर नवरा-बायको दोघांची संमती लागते. एकटा माणूसही मूल घेऊ शकतो, घटस्फोटितही घेऊ शकतो. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही. इथवर ठीक. अक्का एकटी म्हणून बसू शकते. मग येते २०२२ ची दत्तक नियमावली. नियम ५, पोटनियम ३: ज्या जोडप्याचं वैवाहिक नातं किमान दोन वर्षं स्थिर नाही त्याला मूल द्यायचं नाही. सवलत फक्त नातेवाइकाचं किंवा सावत्र मूल घेताना. म्हणजे दोघींनी मिळून अर्ज करणं गेलं. कारण या देशात दोन बायांचं लग्नच लागत नाही.

तुम्ही म्हणाल, मग अक्कानं एकटीनं घ्यावं, ताई आहेच की घरात. मीही हेच म्हणलं होतं. पण १६ जून २०२२ ला 'कारा'नं एक पत्रक काढलं. त्याचा अर्थ असा की एकटा अर्जदार जर कुणा जोडीदारासोबत लग्नाविना राहत असेल, तर त्याचं घर स्थिर कुटुंब धरायचं नाही आणि त्याला मूल द्यायचं नाही.

आता हा हिशेब नीट बघा. अक्का एकटी असेल तर ती चांगली आई. तिच्या घरात तिच्यावर जीव लावणारी, पोराचं दूध गरम करणारी, रात्री ताप मोजणारी दुसरी बाई आली की अक्का नालायक! एका पगारात मूल वाढवणं चालतं, दोन पगारांत चालत नाही. दोन हात चालतात, चार हात झाले की घर अस्थिर. गोदीत असा हिशेब मुकादमानं केला असता तर आम्ही त्याला तिथंच विचारलं असतं, "शेठ, शाळेत गेला होतास का?" पण हा हिशेब सरकारचा आहे. त्याला राजपत्राचा कागद आहे.

मग आम्ही 'अविवाहित' लिहिलं. आणि खोटं तिथून सुरू झालं.

*

फॉर्म भरला की समाजसेविका घरी येऊन चौकशी करते. घर कसं, शेजार कसा, माणूस कसा. दोन ओळखीच्या माणसांची शिफारसपत्रं लागतात. त्यातलं एक मी दिलं.

ती यायच्या आदल्या रात्री आम्ही ताईला अक्काच्या खोलीतून पुसून काढलं. दुसरा शब्द नाही त्याला. तिचे कपडे माझ्या आईच्या पेटीत आले. तिची चप्पल आमच्या दाराशी आली. ब्रश आला, चष्म्याचं घर आलं, इस्पितळाचा बिल्ला आला. भिंतीवर दोघींचा चैत्यभूमीवरचा फोटो होता, सहा डिसेंबरच्या रांगेतला. ताईनं स्वतः तो उतरवला आणि पदरानं पुसून माझ्या हातात दिला. भिंतीवर चौकोन उरला, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. त्यावर अक्कानं कॅलेंडर टांगलं.

दोस्तांनो, हा फोटो हातात घेतला तेव्हा मला माझी आई आठवली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाप गोदीत पडून मेल्यावर आम्ही भाड्याची खोली शोधत हिंडत होतो. आई एका एका घरमालकापुढं उभी राहायची आणि आडनाव अर्धंच सांगायची. एके ठिकाणी खोली मिळाली. तिथं बाबासाहेबांचा फोटो दोन वर्षं पेटीत राहिला, कपड्यांच्या खाली. आई रोज रात्री दार लावून पेटी उघडायची, हात जोडायची, पेटी बंद करायची. मला वाटायचं आपण चोर आहोत. आपण चोरलं काय, ते कळायचं नाही.

तेच परत. फोटो तोच नाही, पेटी मात्र तीच.

दुसऱ्या दिवशी समाजसेविका आली. बाई वाईट नव्हती. दमलेली होती, तीन जिने चढून आलेली. पाणी प्यायली, खोली बघितली, कागद बघितले. ताई आमच्या खोलीत बसली होती. मधे फळ्यांची भिंत. इकडचं तिकडं सगळं ऐकू येतं. बाईनं विचारलं, "तुम्ही आजारी पडलात, तर मुलाला कोण बघेल?"

अक्का थोडं थांबली. मग म्हणाली, "शेजारी आहेत."

ताई भिंतीला टेकून बसली होती. ती काही बोलली नाही. तिनं फक्त आईच्या हातातली भाजी घेतली आणि निवडायला लागली.

जाताना बाई म्हणाली, एकट्या आहात तर एखाद्या नातेवाइकाकडून लिहून आणा, तुमचं बरंवाईट झालं तर मुलाला सांभाळीन म्हणून. आता नातेवाईक कोण? अक्काचा सख्खा भाऊ. ज्यानं अकरा वर्षांपूर्वी तिला केस धरून घराबाहेर काढलं, तो. त्याची सही चालते, कारण तो रक्ताचा. ताईची सही चालत नाही, कारण ती भिंतीपलीकडं आहे. अक्का भावाच्या दारी गेली. पाच हजार रुपये देऊन सही आणली.

हे कायद्याचं 'स्थिर कुटुंब'.

*

हा प्रश्न देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात जाऊन आलाय. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा तो भाग मोडला, ज्यानं असं प्रेम गुन्हा ठरत होतं. पेढे वाटले लोकांनी. पण गुन्हेगार नाही म्हणजे कुटुंब आहे, असं होत नाही. मग लग्नाच्या हक्कासाठी लोक कोर्टात गेले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल दिला. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जण एक. दत्तकावर मात्र पीठ फुटलं, तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल म्हणाले की हा पोटनियम ३ घटनेत बसत नाही. लग्न झालेलं स्त्री-पुरुषाचं जोडपंच मुलाला स्थैर्य देऊ शकतं, याचा कसलाही पुरावा कोर्टापुढं आलेला नाही, असं चंद्रचूडांनी लिहिलं. न्यायमूर्ती रवींद्र भट, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंहा, या तिघांनी नियम कायम ठेवला. पुनर्विचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

पण तिघांच्या बाजूच्या निकालातसुद्धा एक गोष्ट लिहिलेली आहे, ती आपण पाठ करून ठेवली पाहिजे. न्यायमूर्ती भटांनी म्हणलंय की लग्नाविना असलेली किंवा समलिंगी जोडपी चांगले पालक होऊ शकत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. एकट्यानं दत्तक घेतलेल्या आणि पुढं जोडीदारासोबत राहणाऱ्या माणसाचं काही बरंवाईट झालं, तर मूल हक्कांपासून तुटू शकतं, हे त्यांनी मान्य केलं. सरकारनं आणि 'कारा'नं याचा विचार करावा म्हणाले. कोर्ट ही त्याची जागा नाही म्हणाले.

म्हणजे रोग दिसला, नाडी बघितली, आणि चिठ्ठी लिहून पलीकडच्या खिडकीवर पाठवलं. आणि पलीकडची खिडकी? एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं मंत्रिमंडळ सचिवांच्या हाताखाली समिती नेमली. त्याच वर्षी जाहीर झालं की असे जोडीदार रेशनकार्डावर एका कुटुंबात धरले जातील, बँकेत दोघांचं एकत्र खातं उघडता येईल. वाईट नाही. पण गंमत बघा. तांदळासाठी दोघी एक घर. पैशासाठी दोघी एक घर. लेकरासाठी मात्र दोघी परक्या!

*

आता पोराच्या बाजूनं बघू, कारण सगळे म्हणतात, "मुलाचं हित, मुलाचं हित."

समजा उद्या पोर आलं. कागदावर आई एकच, अक्का. अक्का पहाटे पाचला कामावर. पोराला शाळेत सोडणार ताई. शाळा विचारणार, तुम्ही कोण? पोराला ताप भरला, इस्पितळात न्यायचं. ताई स्वतः इस्पितळात राबते, पण ऑपरेशनच्या कागदावर तिची सही चालणार नाही. उद्या दोघींचं बिनसलं तर ताईला पोराचं तोंड बघायचासुद्धा हक्क नाही, आणि पोराला तिच्याकडून पोटगीचा एक रुपया मागायचा हक्क नाही. ताई मेली, तर तिची पुंजी आपोआप या पोराला मिळणार नाही, तिच्या भाऊबंदांना मिळणार. आणि अक्का मेली तर? ज्यानं पाच हजारांत सही विकली, तो भाऊ पुढं येणार. पोरासाठी नव्हे, अक्काच्या फंडासाठी. मृत्युपत्र करता येतं, त्यात पालक म्हणून ताईचं नाव लिहिता येतं, असं वकील सांगतात. जरूर करावं. पण नातेवाईक कोर्टात उभे राहिले की बाईला वर्षानुवर्षं तारखा. आणि तेवढ्यात पोर कुठं? अनाथाश्रमात. जिथून आलं तिथंच.

सांगा, यात मुलाचं हित कुठल्या बाजूला आहे? मूल तर त्या खोलीत तसंही वाढणारच आहे. कायद्यानं एवढंच ठरवलंय की ते वाढताना त्याला एक आई कागदावर मिळेल आणि दुसरी लपवावी लागेल. पोराच्या आयुष्यातला पहिला सरकारी कागद खोटा. आणि मोठं होताना ते रोज शिकणार की बाहेर कुणी विचारलं, तर ताई म्हणजे शेजारीण. मी पेटीतला फोटो बघत वाढलोय. मला माहीत आहे, ही शिकवण पोराच्या पाठीचं काय करते.

काही शहाणे म्हणतात, मुलाला बाप दिसला पाहिजे, नाहीतर ते बिघडतं. २०२३ साली राष्ट्रीय बालहक्क आयोगानं कोर्टात साधारण याच अंगानं विरोध केला होता. दिल्लीच्या बालहक्क आयोगानं उलट बाजू घेतली होती, तेही सांगितलं पाहिजे. मी त्या शहाण्यांना आमच्या चाळीत बोलावतो. मला कुणी वाढवलं? बाप मेल्यावर आई आणि आत्यानं. दोन बाया, एक खोली. आमच्या वस्त्यांत बाप कुठं कुठं असतो? गटारात गुदमरून मेलेला, गोदीत चिरडलेला, दारूत बुडालेला, कामासाठी परमुलखात गेलेला. आणि पोरं आज्यांनी, मावश्यांनी, आत्यांनी वाढवलेली. तेव्हा कुणी चौकशीला आलं नाही. तुम्हाला बाप हवा असता तर आधी आमचे बाप जगवले असते.

*

आता आपल्यातल्यांशी बोलायचंय, आणि ते जास्त अवघड आहे.

परवा नाक्यावर बैठकीत मी हा विषय काढला, तर एक जण म्हणाला, "च्यायला, हे इंग्रजी बोलणाऱ्या पैसेवाल्यांचे चोचले. आपल्याला आधी नोकरी, आधी खोली." दुसरा म्हणाला, "आपल्यात असलं काही नसतं."

दुसऱ्याला आधी उत्तर. "आपल्यात असलं काही नसतं" हे वाक्य मी आधी ऐकलंय. "आमच्या ऑफिसात जातपात असलं काही नसतं." कोण म्हणतं हे? ज्याला ती भोगावी लागत नाही, तो.

पहिल्याला उत्तर असं. पैसेवाल्याला पळवाट आहे. तो परदेशी जातो, वकील लावतो, वेगळा फ्लॅट दाखवतो. दहा बाय बाराच्या खोलीत वेगळं काय दाखवणार? तिथं खोटं बोलायचं तर माणूसच उचलून शेजारी ठेवावा लागतो. बाकीच्या वाटाही बंद आहेत. २०२१ च्या सरोगसी कायद्यात लग्न झालेलं जोडपं, नाहीतर ३५ ते ४५ वयाची विधवा किंवा घटस्फोटित बाई. अक्का त्यात नाही आणि तेवढा पैसाही नाही. या कायद्याचा खरा मार गरिबाच्या पाठीवर बसतो. आणि खोलीचं, नोकरीचं म्हणाल, तर अक्काची खोली तिच्या नोकरीला बांधलेली. ती गेली की ताई रस्त्यावर. हा खोलीचाच प्रश्न आहे बाबा.

आणि ज्यांची नावं आपण उठता-बसता घेतो, त्यांच्याकडं बघा. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल हवं तर ठेवून जावं. तिथं बापाचं नाव विचारत नव्हते. तिथंच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेलं मूल फुल्यांनी दत्तक घेतलं, यशवंत. ना जात बघितली, ना लग्न बघितलं, ना रक्त बघितलं. पुढं तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात आईच्या खांद्याला खांदा लावून राबला. पण १८९० साली जोतीराव गेले, तेव्हा दत्तकाचा हक्क काय म्हणून भाऊबंद आडवे आले आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. भाऊबंद तेव्हाही मेल्यावरच यायचे.

शाहू महाराज कोण? कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ साली कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं. सयाजीराव गायकवाड कोण? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर. १८७५ साली बडोद्याच्या जमनाबाईंनी दत्तक घेतला. दोन्हीकडं घेणारी बाई विधवा. नवरा नाही. गादीला वारस हवा होता तेव्हा बिननवऱ्याच्या बाईची मांडी चालली. पोराला आई हवी असते तेव्हा मात्र विवाहाचं सर्टिफिकेट! बाबासाहेबांना परदेशी शिकायला पाठवणारा राजा हा असा दत्तक गेलेला पोर होता, हे विसरू नका.

आणि बाबासाहेब? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर. ज्या लग्नाच्या कुंपणानं जात राखली, तेच कुंपण आज ठरवतंय की कुणाचं घर हे घर. आपण आंतरजातीय लग्नाच्या पोरापोरींना पळायला मदत करतो, त्यांच्यासाठी मार खातो. मग त्याच कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या या दोघींना "आधी नोकरी, आधी खोली" म्हणायचं?

एक कडू गोष्ट आणखी. हिंदू कोड बिल तुकडे करून लांबवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद लाथाडलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण तो धर्म सोडला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, २१ डिसेंबर १९५६ ला हिंदू दत्तक कायदा लागू झाला, आणि तो बौद्धांनाही लागू आहे. त्यानं अविवाहित बाईला स्वतःच्या नावावर मूल घ्यायचा हक्क दिला, मुलगी दत्तक घ्यायची सोय केली, हे मोठंच. 'कारा'कडं न जाता कुणा आईबापानं स्वतः मूल दिलं, तर त्या कायद्यानं अक्का ते घेऊ शकते. पण कलम ११ तिथंही उभं आहे: एकच मूल दोघांनी एकाच वेळी दत्तक घ्यायचं नाही. नवरा-बायको सोडून. म्हणजे धर्म बदलून आलो, तरी त्या खोलीच्या दारात तोच उंबरा.

"हे थेर परदेशातलं" म्हणणाऱ्यांसाठी एक परदेशातलीच गोष्ट. दक्षिण आफ्रिका. गोऱ्यांच्या वर्णभेदाखाली रक्ताळलेला देश. तिथं दोन बायांकडं भाऊ-बहीण वाढत होते, पण कायद्यानं आई एकच. दोघी कोर्टात गेल्या. सप्टेंबर २००२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं सांगितलं की अशा दोघींना मिळून दत्तक घेता आलं पाहिजे, कारण मुलाचं हित त्यातच आहे. आणि समलिंगी लग्न तिथं कायदेशीर कधी झालं? २००६ साली. आधी लेकराचा प्रश्न सोडवला, चार वर्षांनी लग्नाचा. म्हणजे लग्नाचा कायदा होईपर्यंत पोरांनी थांबावं, असं काही आभाळात लिहिलेलं नाही. ज्यांनी माणसाला कातडीवरून मोजणारी व्यवस्था भोगली होती, त्यांनी नवी घटना लिहिल्यावर हे केलं. आपण काय भोगलं ते आपल्याला माहीत आहे. आपण काय करणार?

*

माझं म्हणणं थोडक्यात असं. तो पोटनियम ३ संसदेनं केलेला कायदा नाही. तो 'कारा'नं केलेला आणि केंद्र सरकारनं छापलेला नियम आहे. १६ जूनचं पत्रक तर त्याहून साधं. छापणारा हात ते खोडूही शकतो. घर बघा, पगार बघा, माणूस बघा, शेजाऱ्यांना विचारा, दहा वेळा चौकशी करा. पण दोघी आहेत म्हणून दार लावू नका. आणि पोर घरात आलं, की त्याला वाढवणाऱ्या दुसऱ्या माणसालाही कागदावर जागा द्या, म्हणजे एक मेला तर पोर दुसऱ्यांदा अनाथ होणार नाही. ही मागणी आपल्या मोर्च्यांच्या फलकावर आली पाहिजे. शेवटच्या ओळीत नको, मधे कुठंतरी ठळक.

आणि तोवर आपल्या वस्तीत कुणी असं असेल, तर त्यांचे अर्ज भरा, शिफारसपत्रं द्या, चांगल्या वकिलाकडं नेऊन मृत्युपत्र करून घ्या, भाऊबंद दारात आले तर दारात उभे राहा. एवढं तर नोकरी-खोलीच्या लढ्यातून वेळ काढून जमेल.

अक्काचं नाव यादीत लागलंय. यादी लांब आहे. २०२४-२५ मध्ये सगळी मिळून ४,५१५ दत्तकं झाली, आणि वाट बघणारे त्याच्या कितीतरी पट. रोज रात्री ताई विचारते, "बघ ना, नंबर सरकला का?" मी मोबाइल काढतो. फोटो अजून आमच्याकडंच आहे, आईच्या पेटीत. चौकशीला पुन्हा कुणी आलं तर, म्हणून ताई परत लावू देत नाही.

मी कवी म्हणवून घेतो. खोटं लिहिणाऱ्यांवर आजवर बऱ्याच शिव्या लिहिल्यात. त्या आठव्या ओळीची मला लाज वाटते, आणि उद्या पुन्हा मागितली तर मी पुन्हा लिहीन. पण खरी ओळ काय होती, तेही कुठंतरी छापून ठेवलं पाहिजे. म्हणून इथं लिहितो. माझं शिफारसपत्र, दुरुस्त करून:

सदर महिला आपल्या खोलीत एकटी राहत नाही. तिच्यासोबत अकरा वर्षं दुसरी एक महिला राहते. दोघी कष्टाळू आहेत, निर्व्यसनी आहेत, पोरांवर जीव टाकतात. यांच्या घरी मूल द्यावं, अशी माझी शिफारस आहे.

जय भीम.